परफॉर्मन्स कॅमला साजेशी व्हॉल्व्ह स्प्रिंग कशी निवडायची

नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घेताना लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) आणि ड्युरेशनवर (किती अंश उघडा राहतो) तासन्‌तास खल होतो, स्प्रिंगांचा विषय मात्र हेड बांधायच्या दिवशी निघतो. मग एक तर जुन्याच स्प्रिंगा "दिसायला ठीक आहेत" म्हणून परत चढतात, नाहीतर मिळेल तो सगळ्यात कडक संच आणला जातो. पहिल्या प्रकारात इंजिन वरच्या आरपीएमला दम टाकतं. दुसऱ्या प्रकारात नवाकोरा कॅमच घासून जातो.

६००० आरपीएमला कॅमचे मिनिटाला ३००० फेरे होतात, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. उघडण्याचं काम कॅम करतो. मिटताना मात्र कॅम फक्त वाट मोकळी करून देतो. व्हॉल्व्हला कॅमच्या अंगालगत धरून परत सीटवर आणून बसवणं हे एकट्या स्प्रिंगचं काम. तिचा जोर कमी पडला तर लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्याच्या) नाकावरून व्हॉल्व्ह हवेत झेपावतो, उशिरा खाली येतो, सीटवर आपटतो आणि उसळतो. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. हायड्रॉलिक टॅपेट (लोबवर टेकणारा, आत तेल भरलेला भाग) असेल तर आणखी एक भानगड होते: निर्माण झालेली फट टॅपेट तेलाने भरून घेतो आणि व्हॉल्व्ह काही काळ सीटवर टेकतच नाही. चालवणाऱ्याला एवढंच कळतं की ठरावीक आरपीएमला ताकद एकदम तुटते, फटफट आवाज येतो आणि आरपीएम खाली आले तरी इंजिन लगेच सावरत नाही. बरेचजण याला इग्निशनचा दोष समजतात आणि प्लग, कॉइल बदलत बसतात.

पहिल्यांदाच कॅम बदलणार असाल तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. स्प्रिंगची खरेदी पाचव्या पायरीनंतर करायची आहे, आधी नाही.

१. कागद आणि हत्यारं जमवा

कागद तीन लागतात. पहिला कॅमकार्ड, जे कॅमच्या खोक्यात असतं. दुसरा, विचारात असलेल्या स्प्रिंगचा तपशील: बसवायची उंची, त्या उंचीला लोड, रेट (दर मिमी दाबल्यावर वाढणारा जोर), कॉइल बाइंडची उंची (सगळे वेढे एकमेकांवर टेकतात ती), आतला आणि बाहेरचा व्यास. यातला एकही आकडा विकणारा देत नसेल तर ती स्प्रिंग घेऊ नका. तिसरा कागद तुमच्या हेडचा: व्हॉल्व्हच्या दांड्याचा व्यास, कॉटरचा (दांड्याच्या टोकाला स्प्रिंगचं झाकण अडकवणाऱ्या पाचरींचा) कोन, स्प्रिंगच्या बैठकीचा व्यास.

हत्यारांमध्ये हे हाताशी ठेवा:

- डिजिटल व्हर्निअर
- स्प्रिंगची उंची मोजायचा हाइट मायक्रोमीटर
- मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज
- स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर
- फीलर गेज
- हलक्या चेकिंग स्प्रिंगांची एक जोडी
- स्प्रिंग टेस्टर
- वही

टेस्टर नसेल तर ड्रिल प्रेसखाली वजनकाटा ठेवून सीट लोड तरी तपासता येतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरचा लोड मात्र साध्या काट्याच्या क्षमतेबाहेर जाऊ शकतो, त्यासाठी टेस्टर असलेलं मशीन शॉप गाठा.

एकक एकच ठरवा. परफॉर्मन्स स्प्रिंगांच्या तक्त्यांत पौंड आणि इंच भेटतात, जपानी किंवा युरोपीय इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन किंवा किलो. १ किलो म्हणजे २.२ पौंड किंवा ९.८१ न्यूटन. रेट पौंड प्रति इंच दिला असेल तर त्याला ५६ ने भागा, किलो प्रति मिमी मिळतो. एका कागदावरचे पौंड आणि दुसऱ्यावरचे किलो सरसकट एकाच रांगेत लिहिल्याने चुकीचा संच घरी येतो.

२. कॅमकार्ड नीट वाचा

कार्डवर लिफ्ट दोन प्रकारे दिलेली असते: लोबची आणि व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हची लिफ्ट म्हणजे लोबची लिफ्ट गुणिले रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचं) प्रमाण. कार्ड बनवणाऱ्याने कंपनीचाच रॉकर धरलेला असतो. तुम्ही १.५ ऐवजी १.६ चा रॉकर लावणार असाल तर कार्डवरची व्हॉल्व्ह लिफ्ट तुमच्या उपयोगाची नाही, स्वतः गुणाकार करा. ८ मिमीच्या लोबला १.५ ने १२ मिमी मिळतात, १.६ ने १२.८. हे ०.८ मिमी पुढे कॉइल बाइंडच्या हिशेबात फार मोठे ठरतात. कॅम थेट बकेटवर (व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या वाटीवर) चालत असेल तर प्रमाणाचा प्रश्नच नाही, लोबची लिफ्ट तीच व्हॉल्व्हची. सॉलिड टॅपेटमध्ये लॅश (मुद्दाम ठेवलेली फट) वजा होते, पण स्प्रिंगचा हिशेब लॅश न वजा करता धरा. ती चूक सुरक्षित बाजूची आहे.

आता नवख्यांकडून हमखास सुटणारी गोष्ट. फक्त लिफ्ट बघून स्प्रिंग ठरत नाही. समजा दोन कॅमची लिफ्ट १२ मिमीच आहे, पण एकाचं ड्युरेशन कमी आहे. त्या कॅमला तेवढंच अंतर कमी अंशांत उरकायचं असतं, म्हणून तो व्हॉल्व्हला जास्त जोराने फेकतो आणि त्याला जास्त ताकदीची स्प्रिंग लागते. लोबचा हा आक्रमकपणा बाहेरून मोजणं अवघड आहे. तो आकडा कॅम घडवणाऱ्याकडे असतो. म्हणून कार्डवर शिफारस केलेली स्प्रिंग, किंवा निदान शिफारस केलेला लोड, हा तुमचा मुख्य आधार. आपल्या अंदाजाने तो खोडू नका.

तिसरा आकडा इंजिन कुठवर फिरवणार याचा. व्हॉल्व्ह ताब्यात ठेवायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६००० वरून ७००० ला गेलात तर आरपीएम १७ टक्केच वाढतात, पण लागणारा जोर ३६ टक्के. "अजून पाचशे फिरलं तर काय होतंय" असं म्हणण्याआधी हा हिशेब करून बघा.

३. तुमची व्हॉल्व्ह यंत्रणा कोणत्या जातीची आहे ते ओळखा

खालचे आकडे पुशरॉडच्या (कॅम खाली असून लांब दांड्यांनी रॉकर हलवणाऱ्या), सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या मोठ्या इंजिनांसाठी साधारण चालतात. सीट लोड म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला असतानाचा जोर, ओपन लोड म्हणजे तो पूर्ण उघडलेला असतानाचा.

- हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट: सीट ४५ ते ६० किलो, ओपन ११० ते १४५ किलो
- सॉलिड फ्लॅट टॅपेट: सीट ५५ ते ६५, ओपन १३० ते १६५
- हायड्रॉलिक रोलर (टॅपेटला लोबवर फिरणारं चाक): सीट ५५ ते ७५, ओपन १३५ ते १९०
- सॉलिड रोलर: सीट ८० च्या पुढे, ओपन १८० च्या पुढे, शर्यतीच्या इंजिनात याहून कितीतरी जास्त

ओव्हरहेड कॅमच्या चार व्हॉल्व्हवाल्या इंजिनांना हे आकडे लावू नका. तिथे व्हॉल्व्ह लहान, पुशरॉड नाही, हलणारं वजन कमी, त्यामुळे लोडही बराच कमी लागतो. शिवाय बकेटच्या आतल्या व्यासात मावेल तेवढीच जाड स्प्रिंग बसते.

फ्लॅट टॅपेटच्या बाबतीत वरची मर्यादा मनावर घ्या. तिथे लोब आणि टॅपेट एकमेकांवर घासतात आणि मध्ये तेलाचा पातळ थर एवढंच संरक्षण असतं. त्यात रॉकर जोर वाढवतो. व्हॉल्व्हकडे १४० किलो असतील तर १.६ च्या रॉकरमुळे लोबवर साधारण २२४ किलो येतात. आणखी कडक स्प्रिंग घातली की तो थर तुटतो, लोबचं नाक गोल होतं आणि धातूचा चुरा बेअरिंगांपर्यंत पोचतो.

टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर बूस्टचा दाब इनटेक व्हॉल्व्हला मागून ढकलतो, म्हणजे सीट लोड तेवढाच खाल्ला जातो. ४५ मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ साधारण १५९० चौरस मिमी. १ बार बूस्टला त्यावर १५९ न्यूटन, म्हणजे १६ किलोच्या आसपास जोर येतो. ६० किलोच्या सीट लोडमधले ४४ उरले. बूस्ट वाढवणार असाल तर ही भर सीट लोडमध्ये आधीच धरा.

४. हेडवरची खरी बसवायची उंची मोजा

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून या पायरीला सावकाश वेळ द्या. बसवायची उंची म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंगची बैठक आणि रिटेनरची (स्प्रिंगच्या वरच्या झाकणाची) खालची बाजू यांतलं अंतर. कॅटलॉगमधला लोड एका ठरावीक उंचीला सांगितलेला असतो. तुमच्या हेडवर ती उंची तेवढीच आहे असं समजू नका, आणि सगळ्या व्हॉल्व्हवर सारखी आहे असंही समजू नका. व्हॉल्व्ह सीट घासली की व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित खोल बसतो, दांडा वर सरकतो, उंची वाढते आणि स्प्रिंग सैल पडते. ज्या हेडचं काम दोन-तीनदा झालंय त्यात एकेका व्हॉल्व्हमध्ये १ मिमीचा फरकही सापडतो.

मोजायची पद्धत अशी. व्हॉल्व्ह आणि सीट पुसून काजळीचा कण उरणार नाही हे बघा. खाली जो कप, लोकेटर किंवा चकती शेवटी राहणार आहे ती आत्ताच ठेवा. ॲल्युमिनिअमच्या हेडमध्ये स्प्रिंगखाली पोलादी कप किंवा चकती हवीच, नाहीतर स्प्रिंग मऊ धातू कुरतडत खाली उतरते. मग हाइट मायक्रोमीटर, त्यावर शेवटी वापरायचा तोच रिटेनर आणि तेच कॉटर बसवा. जुन्या रिटेनरवर घेतलेलं माप नव्याला लागू पडत नाही, कारण रिटेनर बदलला की खोली बदलते. आता मायक्रोमीटर फिरवून उघडा, कॉटर घट्ट धरले जाऊन व्हॉल्व्ह सीटवर ओढला जाईपर्यंत. आकडा वाचा आणि वहीत लिहा: सिलिंडर क्रमांक, इनटेक की एक्झॉस्ट, उंची. असं प्रत्येक व्हॉल्व्हचं करा. एक मोजून बाकीचे गृहीत धरायचे नाहीत.

याच वेळी स्प्रिंगच्या बैठकीचा व्यास आणि गाइडच्या (दांडा ज्यात सरकतो त्या नळीच्या) वरच्या टोकाचा व्यास मोजून ठेवा. नवी स्प्रिंग बाहेरून मोठी असेल तर बैठक कातावी लागेल, आणि जुळी स्प्रिंग असेल तर आतली स्प्रिंग गाइडला किंवा सीलला घासणार नाही ना हे बघावं लागेल. बैठक किती खोल कातायची हे हेड ओळखणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नका. तिच्याखाली पाण्याची वाट असते आणि काही हेडमध्ये मधली भिंत फार पातळ असते.

५. वहीत हिशेब मांडा

सूत्रं दोनच आहेत.

ओपन लोड = सीट लोड + (रेट × व्हॉल्व्ह लिफ्ट)

बाइंडपर्यंतची जागा = बसवायची उंची − व्हॉल्व्ह लिफ्ट − कॉइल बाइंडची उंची

कॉइल बाइंड म्हणजे स्प्रिंगचे सगळे वेढे एकमेकांवर टेकून ती पोलादाची भरीव नळी होणं. इंजिन फिरताना तसं झालं तर पुशरॉड वाकतो, रॉकर तुटतो, किंवा लोब खरवडला जातो. यासाठी किमान १.५ मिमी जागा सोडायची हा जुना आणि भरवशाचा नियम. स्प्रिंग बनवणाऱ्याने याहून कमी चालतं असं लेखी दिलं असेल तरच कमी ठेवा.

एक उदाहरण सोडवू. हायड्रॉलिक रोलर कॅम, लोब लिफ्ट ८ मिमी, रॉकर १.६, म्हणजे व्हॉल्व्ह लिफ्ट १२.८. स्प्रिंगच्या तक्त्यात: ४५.७ मिमी उंचीला ६० किलो, रेट ६ किलो प्रति मिमी, कॉइल बाइंड ३१ मिमी.

ओपन लोड ६० + (६ × १२.८) = १३६.८ किलो. हायड्रॉलिक रोलरसाठी योग्य पट्ट्यात. बाइंडपर्यंतची जागा ४५.७ − १२.८ − ३१ = १.९ मिमी. कागदावर सगळं छान.

आता समजा मोजल्यावर एका व्हॉल्व्हची उंची ४४.६ निघाली. स्प्रिंग १.१ मिमी जास्त दाबली गेली, सीट लोड ६६.६ आणि ओपन १४३.४ किलो झाला. नुसता लोड बघणारा म्हणेल, बरंच झालं, थोडी कडक बसली. पण जागा मोजा: ४४.६ − १२.८ − ३१ = ०.८ मिमी. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जरासा झेपावला तरी वेढे टेकणार. फक्त लोडवर समाधान मानलं तर हे नजरेतून निसटतं.

दुसऱ्या व्हॉल्व्हची उंची ४६.९ निघाली असं धरा. तिथे सीट लोड ५२.८ वर घसरला. उपाय चकत्यांचा. त्या साधारण ०.३८, ०.७६ आणि १.५२ मिमी जाडीच्या मिळतात, म्हणजे इंचाच्या हिशेबात १५, ३० आणि ६० हजारांश. ०.७६ आणि ०.३८ ची एकेक घातली की १.१४ मिमी भरून निघतात, उंची ४५.७६ होते आणि लोड ५९.६ किलो. चकत्यांची चळत रचू नका; जाड एक चकती पातळ चारांपेक्षा बरी, कारण थर जितके जास्त तितकं बसणं आणि सरकणं जास्त.

उंची कमी पडत असेल, म्हणजे ४४.६ सारखी, तर वाढवायला तीन मार्ग आहेत: १.२७ मिमी वर बसणारे ऑफसेट कॉटर, जास्त खोलीचा रिटेनर, किंवा लांब दांड्याचे व्हॉल्व्ह. पहिले दोन सोपे. ते वापरलेत तर रिटेनर वर सरकतो, तेव्हा तो रॉकरच्या पोटाला लागत नाही ना हे तपासा. मध्ये १ मिमी तरी फट दिसायला हवी.

सगळ्या व्हॉल्व्हच्या उंचींमधला फरक अर्ध्या मिमीच्या आत आणा. जमलं तर पाव मिमीच्या.

६. स्प्रिंगचा प्रकार ठरवा

हिशेबातून लोड, रेट आणि बाइंडची उंची पक्की झाली की त्याच आकड्यांत बसणारे तीन-चार प्रकार समोर येतात. त्यातला कोणता, हे बहुतांशी स्प्रिंगच्या कंपनांवर ठरतं. स्प्रिंगला स्वतःची कंपनं असतात. विशिष्ट आरपीएमला कॅमचे ठोके त्या कंपनांशी जुळले की वेढ्यांमधून लाट वर-खाली धावू लागते आणि त्या क्षणी स्प्रिंगचा खरा लोड हिशेबापेक्षा बराच खाली जातो. याला सर्ज म्हणतात. पोलादी स्प्रिंगांची ही अडचण इतकी मूलभूत आहे की रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात स्प्रिंगांच्या जागी दाबाखालचा वायू वापरला.

साध्या एकेरी स्प्रिंगमध्ये ही लाट मारायला आत चपट्या तारेचा डँपर असतो. तो वेढ्यांना घासून कंपन खातो. रोजच्या गाडीतल्या सौम्य कॅमला हे पुरतं.

जुळ्या स्प्रिंगेत आतली स्प्रिंग बाहेरच्या स्प्रिंगला अलगद घासत बसते आणि तेच काम करते. दोघींचे वेढे उलट दिशांना असतात, म्हणजे ते एकमेकांत अडकत नाहीत. एक तुटली तर दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडण्यापासून वाचवू शकते, ही जमेची बाजू. वजन मात्र वाढतं आणि घर्षणाने उष्णताही. स्प्रिंग थंड ठेवणारं तेलच असतं, म्हणून जुळ्या स्प्रिंगा असलेल्या हेडला वरचा तेलपुरवठा आखडू नका.

मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वर निमुळती होणारी बीहाइव्ह स्प्रिंग मला रस्त्यावरच्या हायड्रॉलिक रोलर इंजिनासाठी पहिली पसंती वाटते. वेढ्यांचे व्यास वेगवेगळे असल्याने सगळे एकाच वेळी थरथरत नाहीत, आणि वरचं टोक लहान असल्याने रिटेनरही लहान, हलका. व्हॉल्व्हच्या बाजूचं वजन कमी करणं फार मोलाचं. १.६ च्या रॉकरमध्ये व्हॉल्व्हकडचे १० ग्रॅम म्हणजे टॅपेटकडचे जवळपास २५ ग्रॅम, कारण प्रमाणाचा वर्ग लागतो. रिटेनर हलका केला की कमी कडक स्प्रिंगेत तेच आरपीएम मिळतात आणि कॅम वाचतो. बीहाइव्हची मर्यादा अशी की ती तुटली तर सांभाळायला दुसरी नसते. त्यामुळे सलग जोरात पळणाऱ्या शर्यतीच्या इंजिनात जुळीच चांगली.

७. रिटेनर, कॉटर आणि सील स्प्रिंगशी जुळणारेच घ्या

हे तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेले असले की घोळ होतो. कॉटरचे कोन ७, ८ आणि १० अंशांचे असतात. ७ अंशांच्या रिटेनरमध्ये १० अंशांचे कॉटर हाताला बसल्यासारखे वाटतात, पण पकड एका कडेवरच येते आणि व्हॉल्व्ह सुटून सिलिंडरमध्ये पडतो. दांड्याचा व्यासही डोळ्यांनी ओळखायचा नाही: ८ मिमी आणि ५/१६ इंच यांत फक्त ०.०६ मिमीचा फरक आहे. मायक्रोमीटर लावा. कॉटरचा आतला कंगोरा दांड्यावरच्या खाचांशी संख्येने आणि आकाराने जुळतो ना तेही बघा.

सील नवीच वापरा. स्प्रिंग मोठी असेल तर तिच्या आत मावणारं सील निवडा.

रॉकरचे स्टड हेडमध्ये नुसते ठोकून बसवलेले असतील तर जास्त लोडला ते वर उपसले जातात. तिथे आट्यांचे स्टड करून घ्या. पुशरॉडही पातळ असेल तर तो वाकून स्प्रिंगसारखाच वागतो आणि कॅमचा ताबा सुटतो.

८. टेबलावर प्रत्येक स्प्रिंग तपासा

नवा संच आला म्हणून सगळ्या सारख्या असतील असं नाही. प्रत्येकीला बाइंडच्या थोडं अलीकडेपर्यंत चार-पाच वेळा दाबून सोडा, मग बसवायच्या उंचीला लोड वाचा. संचातल्या स्प्रिंगा एकमेकींच्या ५ टक्क्यांच्या आत हव्यात. जी थोडी कडक आहे ती किंचित जास्त उंचीच्या व्हॉल्व्हवर आणि नरम असलेली कमी उंचीच्या व्हॉल्व्हवर दिली तर चकत्या कमी लागतात.

बाइंडची उंचीही एकदा खरी मोजा. टेस्टरवर वेढे टेकेपर्यंत दाबायचं आणि व्हर्निअर लावायचं. मग सपाट काचेवर स्प्रिंग उभी करून गुण्या लावा. वरचं टोक १.५ मिमीपेक्षा जास्त कललं असेल तर ती बाजूला ठेवा, ती गाइडवर कडेने रेटा देते.

पृष्ठभागाला जपा. चांगली स्प्रिंग क्रोम सिलिकॉन पोलादाची असते आणि तिच्यावर बारीक छर्‍यांचा मारा करून कातडी आवळलेली असते. पक्कडीचा एक ओरखडा पुरतो; तडा तिथूनच सुरू होतो. गंज काढायला ॲसिड वापरू नका, त्याने पोलाद ठिसूळ होतं. धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा.

९. बसवा आणि तीन ठिकाणची फट मोजा

हेड गाडीवरच असेल तर तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेला) आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील. मग प्लगच्या भोकातून हवेचा दाब द्या, किंवा पिस्टन टीडीसीच्या थोडा खाली असतानाच मऊ दोर आत भरून तो हळूच वर टेकवा. हवा देताना क्रँक झटक्याने फिरू शकतो. पाना क्रँकवर लावून ठेवू नका आणि पंख्या-पट्ट्याजवळ हात नको. आजूबाजूची उघडी भोकं फडक्यांनी बुजवा. तेलाच्या वाटेत पडलेला कॉटर शोधण्यासाठी खालचा तेलाचा चेंबर (ऑइल पॅन) उघडावा लागतो. कॉटर चिकटलेले असतील तर रिटेनरवर लाकडी हातोडीने एक टपली द्या, मगच कॉम्प्रेसर लावा.

वेढ्यांमधलं अंतर वर-खाली सारखं नसलेली स्प्रिंग असेल तर दाट वेढ्यांचं टोक हेडकडे, म्हणजे खाली. उलटी बसली तर हलणारं वजन वाढतं.

सगळं बसलं की क्रँक हाताने फिरवत डायल गेजवर पूर्ण लिफ्ट आणा आणि वेढ्यांमध्ये फीलर घाला. स्प्रिंगेत पाच मोकळ्या फटी असतील आणि एकूण १.५ मिमी हवेत, तर प्रत्येकीत ०.३ मिमीची पात जायला हवी. जुळी असेल तर आतल्या स्प्रिंगचं बाइंड वेगळं तपासा. काही संचांत तीच आधी टेकते.

दुसरी फट रिटेनर आणि सील यांच्यातली. पूर्ण लिफ्टला तिथे १.५ मिमी उरायला हवेत. इथे जागा नसेल तर सीलचा चेंदा होतो, धूर निघतो, आणि लोक पिस्टन रिंगांना दोष देतात.

तिसरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली. ती स्प्रिंगची गोष्ट नाही, पण नव्या कॅमबरोबर येतेच. हलक्या चेकिंग स्प्रिंगा लावा, हायड्रॉलिक टॅपेटच्या जागी तपासणीपुरता सॉलिड टॅपेट घाला. एक्झॉस्टची फट टीडीसीच्या १० अंश आधी आणि इनटेकची १० अंश नंतर सगळ्यात कमी असते, म्हणून त्या आसपास दोन-दोन अंशांनी मोजत जा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो, म्हणून तिथे जास्त.

१०. पहिली स्टार्ट आणि नंतरची तपासणी

रोलर कॅमला खास सोपस्कार नाहीत. फ्लॅट टॅपेटला मात्र पहिली २० ते ३० मिनिटं कॅमचं आयुष्य ठरवतात. जुळ्या स्प्रिंगा असतील तर तेवढ्यापुरत्या आतल्या काढून ठेवा, म्हणजे लोबवरचा भार कमी राहतो. लोबवर माँटेज पेस्ट (जोडणीचं वंगण), इंजिनात जस्त-फॉस्फरसयुक्त ब्रेक-इन तेल. इंजिन चालू होताच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि तिथेच थोडं वर-खाली करत ठेवा. आयडलवर सोडू नका. कमी फेऱ्यांना लोबवर तेल उडून पोचत नाही. म्हणून चालू करायच्या आधीच टायमिंग, इंधन आणि पाणी पक्कं करा, म्हणजे मध्येच बंद करायची वेळ येणार नाही. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदला, आतल्या स्प्रिंगा परत चढवा.

नवी स्प्रिंग पहिल्यांदा तापून थंड झाली की थोडा लोड गमावते आणि मग स्थिरावते. हे अपेक्षित आहे. पहिल्या चांगल्या चालवणुकीनंतर सॉलिड टॅपेटची लॅशही परत बघा. एखाद्या व्हॉल्व्हची लॅश बाकीच्यांपेक्षा जास्त सरकली असेल तर तिथे स्प्रिंग, कॉटर किंवा लोब यांपैकी काहीतरी बिघडतंय.

पुढे जेव्हा जेव्हा हेड उघडेल तेव्हा प्रत्येक स्प्रिंग पुन्हा टेस्टरवर ठेवा आणि वहीतल्या पहिल्या आकड्याशी ताडून बघा. ६० किलोची स्प्रिंग ५४ वर आली, म्हणजे लोड १० टक्के पडला, की बदलायची. एकच पडली असेल तरी पूर्ण संच बदला. बाकीच्याही तितकेच फेरे फिरलेल्या आहेत.